पांच मिनिटांचें व्यक्तिचित्र

चित्रकलेच्या तासास वर्गांत जो शब्द सर्वांत अधिक वेळां कानीं पडतो तो ‘रबर’ हा होय. कागदावर पहिली रेघ उमटते न उमटते तोंच ती पुसण्याची घाई सुरू होते. तासाच्या शेवटीं पाहावें तों कित्येकांच्या कागदावर चित्र थोडें आणि खोडाखोडीचे डागच फार. त्यांतही काम माणसाचा चेहरा काढण्याचें असेल, तर विचारावयासच नको. फुलदाणी थोडी वांकडी झाली तर कोणी हंसत नाहीं. परंतु शेजाऱ्याचें नाक वांकडें झालें कीं सारा बांक हंसूं लागतो. या हंसण्याच्या भयानें आमचीं मुलें माणसें काढण्याचें सोडून देतात, आणि डोंगरामागचा सूर्य, नारळीचीं झाडें व एक होडी यांवर आयुष्यभर समाधान मानतात.

यंदाच्या अंकांत या विषयावर चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे. आमचें म्हणणें थोडक्यांत असें: मोजूनमापून, घोटून काढलेल्या चित्राबरोबरच जलद व मोकळ्या हातानें काढलेल्या व्यक्तिचित्रासही शाळेंत मानाचें स्थान असावें; आणि तें काढण्यास शिकण्याचा उत्तम मार्ग म्हणजे थोर चित्रकारांचीं रेखाटनें समोर ठेवून त्यांवरून आपला हात वळविणें हा होय. हें म्हणणें पुष्कळांस एकदम पटणार नाहीं, हें आम्ही जाणून आहों. म्हणूनच तें सविस्तर मांडणें अवश्य वाटतें.

प्रथम एक जुनी हकीकत सांगतों. इ. स. १६३९ मध्यें हॉलंडांतील ॲम्स्टरडॅम शहरीं एका मृत व्यापाऱ्याच्या संग्रहाचा लिलांव झाला. त्यांत इटलीचा प्रख्यात चित्रकार राफाएल यानें सुमारें सव्वाशें वर्षांपूर्वीं रंगविलेलें, बाल्दासारे कास्तिल्योने या दरबारी गृहस्थाचें व्यक्तिचित्र होतें. तें चित्र ३,५०० गिल्डरांस विकलें गेलें. हें चित्र ज्यांनीं त्या वेळीं डोळे भरून पाहिलें, त्यांत रेम्ब्रांट हा बत्तीस-तेहेतीस वर्षांचा चित्रकार होता. त्याच वर्षीं त्यानें एक मोठें घर १३,००० गिल्डरांस घेतलें, यावरून चित्राच्या किंमतीची कल्पना यावी. रेम्ब्रांटनें काय केलें? त्यानें लेखणी घेतली आणि कागदाच्या एका लहानशा तुकड्यावर झरझर तें चित्र उतरवून घेतलें. शेजारीं चित्रकाराचें नांव, विक्रीची किंमत व सालही लिहून ठेविलें. मूळ चित्र आज पॅरिस येथील लूव्र संग्रहालयांत आहे, आणि हा कागदाचा तुकडा व्हिएन्ना येथील आल्बेर्टिना संग्रहांत जपून ठेविलेला आहे.

हा तुकडा पाहण्यासारखा आहे. त्यांत दाढीचा केंस न् केंस नाहीं, वस्त्राचा पोत नाहीं. आहेत त्या थोड्या धांवत्या रेघा. परंतु खांद्याचें वळण, समोर रोखलेली नजर व टोपीचा डौल हीं नेमकीं धरलेलीं आहेत. इतकेंच नव्हे, तर मूळ चित्रांत जवळजवळ सरळ असलेली टोपी रेम्ब्रांटच्या हातीं तिरपी झाली आहे! ही चूक समजावी काय? पुढें त्याच वर्षीं त्यानें तांब्याच्या पत्र्यावरून छापलेलें स्वतःचें एक चित्र तयार केलें, आणि १६४० मध्यें तशाच बैठकीचें स्वतःचें तैलचित्र रंगविलें. तें लंडनच्या नॅशनल गॅलरींत आहे. टिशन या दुसऱ्या इटालियन चित्रकाराचाही त्या चित्रांत वांटा आहे, असें जाणते सांगतात. म्हणजे घाईंत केलेल्या नकलेंतून नवें चित्र जन्मास आलें. वेळ थोडा होता म्हणून काय घ्यावें आणि काय सोडावें याची निवड करावी लागली. आणि या निवडींतच शिक्षण होतें.

कोणी म्हणेल, ‘हें सर्व युरोपांतील झालें, आपला त्याच्याशीं काय संबंध?’ संबंध आहे, आणि तो आमच्या वाचकांस विशेष गोड वाटावा असा आहे. सन १५८० मध्यें गोव्याहून निघालेले जेझुइट पाद्री फत्तेपूर शिक्री येथें अकबर बादशहाच्या दरबारीं पोंचले. त्यांनीं बादशहास अनेक भाषांत छापलेलें एक भव्य पवित्र शास्त्र नजर केलें. त्यांत तांब्याच्या पत्र्यांवरून छापलेलीं चित्रें होतीं. अशीं चित्रें पाहून दरबारच्या चित्रकारांनीं त्यांवरून आपला हात तयार केला. त्यांपैकीं अबुल हसन या मुलाची गोष्ट प्रत्येक विद्यार्थ्यानें ध्यानांत ठेवावी. जर्मन चित्रकार ड्यूरर यानें १५११ मध्यें कोरलेल्या क्रूसाच्या चित्रांतील संत योहानाची आकृति त्यानें १६०० च्या सुमारास उतरविली. तो कागद आज ऑक्सफर्ड येथें आहे, आणि आपल्या वयाच्या तेराव्या वर्षीं हें काम केलें असें त्यावर नमूद आहे. तेरावें वर्ष म्हणजे आमच्या आठवीच्या वर्गांतील मुलांचें वय! हाच मुलगा पुढें जहांगीर बादशहाचा आवडता चित्रकार झाला व ‘नादिर-उज्-जमान’ म्हणजे ‘युगाचें आश्चर्य’ असा किताब पावला. त्याची रेघ नाजूक व सावकाश आहे, मोकळी नव्हे. तरी दूरदेशीच्या गुरूपासून शिकण्यांत त्यास कमीपणा वाटला नाहीं, हें येथें लक्ष्यांत घ्यावयाचें.

आतां या गोष्टीचा उत्तरार्ध ऐका. डच ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून मोगल दरबारचीं चित्रें हॉलंडांत पोंचूं लागलीं होतीं. तीं रेम्ब्रांटनें पाहिलीं. त्या वेळीं तो पन्नाशीस आला होता, त्याची कीर्ति सर्वत्र पसरली होती, आणि १६५६ मध्यें त्याचें दिवाळेंही निघालें होतें. अशा स्थितींत हा थोर पुरुष एखाद्या विद्यार्थ्याप्रमाणें हिंदी चित्रकारांच्या कृति समोर ठेवून त्यांवरून रेखाटनें करीत बसला. त्यांतील वीसांहून अधिक आज उपलब्ध आहेत. अकबर, जहांगीर, शहाजहान यांच्या आकृति त्यांत आहेत. नेहमींची त्याची धांवती लेखणी येथें कांहींशी सावध झालेली दिसते. परक्याच्या घरीं गेलेला सुसंस्कृत पाहुणा जसा जपून बोलतो, तशी. तथापि नक्कल करतांनाही त्यानें आपलें तें सोडलें नाहीं. मूळचे झगझगीत रंग त्यानें गाळले आणि आपली लाडकी छाया त्यांत आणिली.

यांपैकीं एका रेखाटनांत चार वृद्ध साधुपुरुष झाडाखालीं जमिनीवर बसलेले आहेत. १६५६ मध्यें अब्राहामानें देवदूतांचें आतिथ्य केलें तो प्रसंग चितारतांना रेम्ब्रांटनें हीच बैठक योजिली. त्यानें पाहुण्यांस मेजाभोंवतीं बसविलें नाहीं. आपल्या इकडील रीतीप्रमाणें जमिनीवर बसविलें. शास्त्राच्या तासास जी गोष्ट आम्ही शिकवितों, तिचें एक अत्यंत हृदयंगम चित्र अशा रीतीनें आमच्याच देशांतील एका अनामिक चित्रकाराच्या साहाय्यानें सिद्ध झालें आहे. गोव्याहून चित्रें उत्तरेस गेलीं. सुमारें पाऊणशें वर्षांनीं उत्तरेकडील चित्रें हॉलंडांत बोलूं लागलीं. विद्येच्या राज्यांत घेणारा लहान होत नाहीं व देणारा दरिद्री होत नाहीं, हेंच यावरून दिसतें.

येथें पहिला आक्षेप येतो तो असा: ‘मुलांस नक्कल करावयास लावणें म्हणजे चोरी शिकविणें नव्हे काय?’ या आक्षेपांत तथ्य आहे, आणि त्याचें उत्तर रेम्ब्रांटच्या त्या कागदावरच आहे. त्यानें राफाएलचें नांव लिहून ठेविलें. नांव लपविणें ही चोरी. नांव सांगून शिकणें हें शिष्यत्व. गवयाचा मुलगा प्रथम वडिलांचीच तान घेतो. कीर्तनकाराचा शिष्य प्रथम गुरूचीच ढब उचलतो. पुढें जो त्या ढबींतच अडकून राहतो तो वायां जातो, आणि जो तींतून आपला आवाज शोधतो तो तयार होतो. म्हणून आमचा नियम असा राहील कीं, ज्याच्या चित्रावरून रेखाटन केलें असेल त्याचें नांव कागदाच्या कोपऱ्यांत लिहिलेंच पाहिजे.

दुसरा आक्षेप अधिक जोराचा आहे. ‘जलद व मोकळें म्हणजे निष्काळजी. आळशी मुलांस ही चांगलीच पळवाट सांपडेल!’ परंतु जुन्या काळचे मोडी लिहिणारे कारकून आठवा. लेखणी न उचलतां ते ओळीमागून ओळ लिहीत जात. अक्षर धांवतें असे, पण वाचणारास तें लागे. कारण प्रत्येक अक्षराचें वळण लिहिणाराच्या बोटांत मुरलेलें होतें. न शिकतां कोणी तशी ओळ ओढली असती तर ती मोडी झाली नसती, केवळ नागमोडी झाली असती. चित्रांतील मोकळ्या रेघेचेंही तसेंच आहे. हॉलंडांतील हार्लेम शहरचा चित्रकार फ्रान्स हाल्स यानें १६६४ मध्यें, वयाचीं ऐशीं वर्षें उलटल्यावर, एका वृद्धाश्रमाच्या व्यवस्थापक स्त्रियांचें समूहचित्र काढलें. तें आज त्याच शहरांत, त्याच्याच नांवाच्या संग्रहालयांत आहे. जवळून पाहावें तर हातांच्या ठिकाणीं कुंचल्याचे चारदोन फटकारे दिसतात. चार पावलें मागें सरावें तों तेच फटकारे म्हाताऱ्या, थकलेल्या बायकांचे हात होऊन बसतात. हा आळस नव्हे. आळशी मनुष्य पाहण्याचें टाळतो. मोकळ्या हाताचा चित्रकार आधीं पुष्कळ पाहतो आणि मग थोडें लिहितो.

‘पण चेहरा हुबेहूब येत नाहीं!’ अशी तक्रार तरीही राहीलच. आम्ही उलट विचारतों, माणूस ओळखूं येतो तो कशावरून? सायंकाळीं दूरच्या वळणावर आई दिसते तेव्हां तिचें नाक, डोळे आपणांस कोठें दिसतात? तरी मूल धांवत सुटतें. चालण्याची लकब, खांद्यावरच्या पिशवीचा भार, मान किंचित कलती ठेवण्याची संवय, यांतच ती ओळख असते. घोटून काढलेल्या चित्रांत नाक व डोळे बरोबर येऊनही कित्येकदां ही ओळख हरवते. पांच मिनिटांच्या रेखाटनांत नाक चुकूनही ती टिकते.

येथें आमच्या हातून घडलेली एक चूक सांगणें आम्हांस कर्तव्य वाटतें. कांहीं वर्षांपूर्वीं एका विद्यार्थ्यानें गृहपाठ म्हणून आपल्या आजीचें रेखाटन आणून दिलें. आजी सूप पुढ्यांत घेऊन तांदूळ निवडीत बसली होती. सबंध चित्रांत पंधरावीस रेघांपलीकडे कांहीं नव्हतें. तोंड तर जवळजवळ नव्हतेंच. होती ती वांकलेली मान, डोकीवरून घसरलेला पदर आणि सुपांत फिरणारीं बोटें. आम्हीं त्यावर तांबड्या शाईनें ‘अपूर्ण’ असा शेरा मारला व दहांपैकीं तीन गुण दिले. वर्ष संपल्यावर इतर कागदांबरोबर तोही रद्दींत गेला. पुढें त्या बाई वारल्या. महिन्याभरानें मुलाचे वडील शाळेंत आले आणि तो कागद मिळेल काय म्हणून विचारूं लागले. घरीं आजींचा एक फोटो होता. पण तो कोणाच्या तरी लग्नांत ताठ बसवून घेतलेला. ‘सर, आई अशी कधींच बसत नसे. त्या कागदांत मात्र ती होती,’ असें ते म्हणाले. आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. जें चित्र आम्हीं अपूर्ण ठरविलें तें त्या घरापुरतें पूर्ण होतें. अपूर्ण होतें तें आमचें पाहणें. त्या दिवसापासून या विषयावर आम्ही विचार करीत आलों आहों, आणि हा लेख त्याचेंच फळ आहे.

आतां प्रत्येक घरांत मोबाइल आहे व त्यांत कॅमेराही आहे, तेव्हां हा खटाटोप कशासाठीं, असें कांहीं पालक म्हणतील. फोटोविरुद्ध आमचें कांहीं म्हणणें नाहीं. परंतु कॅमेरा क्षणांत चेहरा टिपतो, त्या वेळीं टिपणारानें पाहिलेंच पाहिजे असें नाहीं. वडिलांचे शेंकडों फोटो ज्याच्याजवळ आहेत अशा मुलास विचारून पाहा, ‘बाबा भांग कोणत्या बाजूस पाडतात?’ पुष्कळांस सांगतां येणार नाहीं. पांच मिनिटें समोर बसून ज्यानें बाबांस कागदावर उतरविलें, त्यास तें जन्मभर विसरावयाचें नाहीं. मनुष्य देवाच्या प्रतिरूपाचा असा निर्माण झाला, हें आपण शिकतों. परंतु शाळेचा दरवाजा रोज उघडणाऱ्या शिपायाच्या तोंडाकडे आपण वर्षांतून एकदां तरी नीट पाहतों काय? रेखाटन हें पाहण्याचें एक व्रत आहे, आणि खरा लाभ चित्राहूनही या पाहण्याचा आहे.

आतां प्रत्यक्ष कृतीकडे वळूं. साहित्य फार नको. पाठकोरे कागद, कोळशाची कांडी किंवा बोरू व शाई पुरे. रेम्ब्रांटही बोरूनें लिहीत असे, हें ऐकून आमच्या विद्यार्थ्यांस कौतुक वाटेल. रबर मात्र दप्तरांतच राहूं द्यावें. प्रथम एखाद्या थोर चित्रकाराचें रेखाटन समोर ठेवून दोन मिनिटें नुसतें पाहावें. कोणती रेघ आधीं पडली असेल? शाई कोठें दाट आहे? कोठें त्यानें कागद कोराच सोडला, आणि कां सोडला? मग दहा मिनिटांत त्यावरून काढावें. नंतर तें चित्र पालथें ठेवून, त्याच ढबीनें शेजारच्या मित्रास पांच मिनिटांत उतरवावें. घरीं गेल्यावर दिवसांत पाहिलेला एक चेहरा केवळ आठवणीनें काढावा. रेघ चुकली तर पुसूं नये. तिच्याशेजारीं दुसरी घालावी. थोरांच्या कागदांवरही अशा दुहेरी रेघा दिसतात, आणि चित्रकाराचें मन कसें चाललें होतें हें त्याच आपणांस सांगतात.

नमुने मिळविणें आतां कठीण राहिलेलें नाहीं. ॲम्स्टरडॅमच्या राइक्सम्यूझियमनें आपल्या संग्रहांतील असंख्य चित्रें इंटरनेटवर विनामूल्य खुलीं केलीं आहेत. मुंबईस छत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयांत मोगल व दख्खनी शैलीचीं चित्रें आहेत. साताऱ्याकडील औंध येथें भवानराव पंतप्रतिनिधि या चित्रकार राजानें १९३८ मध्यें उभारलेलें संग्रहालय आहे. गोव्यांतील सांगें येथें १८७० मध्यें जन्मलेले आंतोनियो झेवियर त्रिंदाद यांस लोक ‘पूर्वेकडील रेम्ब्रांट’ म्हणत. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत ते शिकले व तेथेंच त्यांनीं शिकविलें. पाश्चात्त्य पद्धति त्यांनीं आत्मसात केली. पण ती खर्चिली कोठें, तर आपल्या घरच्या माणसांच्या चित्रांत. गुरु दूरचा असावा, माणूस मात्र आपल्याजवळचा असावा, याचें याहून चांगलें उदाहरण आम्हांस सुचत नाहीं.

आमच्या म्हणण्याचा विपर्यास होऊं नये म्हणून सांगतों कीं, मोजमापाचें चित्र टाकून द्यावें असा आमचा आग्रह नाहीं. एलिमेंटरी व इंटरमीजिएट परीक्षांस बसणाऱ्यांनीं तो अभ्यास कसून केलाच पाहिजे. उद्यां जो इंजिनिअर होईल त्याची रेघ काटेकोरच हवी. आम्ही मागतों तें इतकेंच कीं, चित्रकलेच्या चार तासांपैकीं एक तास या मोकळ्या रेखाटनास मिळावा, आणि त्या तासास गुण हुबेहूबपणास नव्हे, पाहण्यास मिळावेत.

पालकांस आमची एक नम्र विनंति आहे. मुलगा किंवा मुलगी वही घेऊन समोर आली, तर पांच मिनिटें स्वस्थ बसा. सजूं नका, जें काम करीत असाल तेंच करीत राहा. चित्र पाहून ‘माझें नाक असें आहे काय?’ असें म्हणूं नका. आणि कागदावर तारीख घालून तो जपून ठेवा. घरांत आजीआजोबा असतील तर मुलांस प्रथम त्यांच्याकडे पाठवा.

पुढील स्नेहसंमेलनाच्या प्रदर्शनांत एक भिंत या पांच मिनिटांच्या व्यक्तिचित्रांसाठीं मोकळी ठेवावी, अशी सूचना आम्ही शाळेच्या चालकांपुढें ठेविली आहे. तिच्यावर आई, वडील, शिपाई, दूधवाला, शेजारचा मित्र असे सगळे असतील. कोणाचें नाक वांकडें असेल, कोणाचा कान राहून गेला असेल. ज्यांस हंसावयाचें असेल त्यांनीं खुशाल हंसावें. परंतु त्या भिंतीवर ‘अपूर्ण’ हा शेरा कोठेंही दिसणार नाहीं, इतकें वचन आम्ही आजच देतों.